कुंदाताईंचे हरकारे

कुंदाताईंच्या घरात शिरायचं तर फाटकावर जकात द्यावी लागे. मूठभर चिंचोके, दोन बोरं, अंगणात पडलेलं एखादं मोरपीस, काहीही चाले. माझी भाची मुक्ता पहिल्यांदा माझं बोट धरून तिथं गेली, तेव्हा कुंदाताई फाटकाला आडव्या उभ्या राहिल्या. "काय देतं वं? रिकाम्या हातानं राज्यात घुसता येत नाही." मुक्तानं केसांतली पिन काढून दिली. बोलली मात्र काहीच नाही. तेव्हा ती कोणाशीच बोलत नसे.

कारण सांगतो. माझे भावजी, म्हणजे मुक्ताचे बाबा, अपघातात गेले तेव्हा ती चौथीत होती. बहिणीच्या सासरच्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं, लेकराला सांगायचं नाही. आपल्याकडे असंच करतात. तिला आत्याकडे मौद्याला पाठवलं आणि बाबा दवाखान्यात आहेत म्हणून सांगितलं. तेरवी झाल्यावर परत आणून शाळेत धाडलं. तिथं मधल्या सुट्टीत एका मैत्रिणीनं सहज विचारलं, तुझे बाबा वारले ना? त्या दिवसापासून ती बोलेना, वर्गात पाऊलही टाकीना. सुषमा, माझी बहीण, तिला घेऊन नागपुरात सक्करदऱ्याला आमच्याकडे आली. यंदा घरीच शिकवू, असं ठरलं. पण मुकी झालेली पोर शिकवायची कशी, हे आम्हा कोणालाच ठाऊक नव्हतं.

कुंदाताई आमच्या शेजारी राहत. मूळच्या कुहीच्या. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला आणि निवृत्त झाल्यावर घरीच शिकणारी पाचसहा मुलं जमवली. पायानं जरा अधू, मनगटावर पुरुषी घड्याळ, आवाज मात्र खणखणीत. शाळेत त्या छापील मराठी बोलत असतील, अंगणात कधी बोलल्या नाहीत. मध्ययुग शिकवायचं तर राजांची नावं घ्यायला पहिले काही आठवडे बंदी. "राजे मागून पाहू. आधी त्याहीच्या घरी चूल कशी पेटे ते पाहा." मग मुलं जात्यावर ज्वारी दळत, जुन्या बांधकामात करत तसा बेलाचा गर आणि गूळ घालून चुना मळत. एकदा यादवांच्या काळातलं जेवण रांधलं. तेव्हा आपल्याकडे मिरची आलीच नव्हती, म्हणून मिरी घातलेलं फिकं वरण. नागपूरकराला ही शिक्षाच. मी दोन घास खाऊन तोंड वाकडं केलं, तर म्हणाल्या, "वसंता, तू नाही टिकणार गा मध्ययुगात."

मुक्ता हे सगळं करी. दळी, मळी, भाकऱ्या थापी. बोलत नसे. आणि कुंदाताईंनी तिला कधी 'बिचारी' म्हटलं नाही, ना बोल म्हणून आग्रह केला.

मग हरकाऱ्यांचा पाठ आला. हरकारा म्हणजे निरोप घेऊन धावणारा. कुंदाताई पहिल्या मुलाच्या कानात निरोप सांगणार, तो गल्लीच्या टोकाशी दुसऱ्याला देणार, आणि शेवटचा हरकारा आमच्या गच्चीवरच्या 'किल्ल्यात' तो मोठ्यानं सांगणार. बातमी वाईट असली तरी बदलायची नाही, हा एकच नियम. निरोप होता सरदार लढाईत पडल्याचा. शेवटचा हरकारा मुक्ता होती.

मला कळलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. तडक जाऊन म्हणालो, ताई, दुसरा निरोप द्या, नाहीतर दुसरं मूल घ्या. त्या चुना लागलेले हात धूत होत्या. धुऊन, पुसून मग बोलल्या.

"बातमी दाबून ठेवल्यानं गेलेला माणूस वापस येते का गा? पोरगी मात्र एकटी पडते. तिले सांगू दे. नाही जमलं तर मी आहो तिथं."

मुक्ता धावत गच्चीवर आली. समोर किल्ला सांभाळणारी मुलं. ती नुसती उभी. एक जण हसला, त्याला कुंदाताईंनी डोळ्यानंच गप्प केलं. दुखऱ्या पायानं त्या जिना चढून आल्या होत्या. मग मुक्ता स्वच्छ आवाजात म्हणाली, "सरदार लढाईत पडले. ते आता येणार नाहीत."

आणि जिना उतरून सरळ स्वयंपाकघरात गेली. सुषमा कणीक भिजवत होती.

"मले काहून नाही सांगतलं वं आई? तुम्ही सारे रडून राहिले होते, अन् मी आत्याकडे खेळून राहिली होती."

कणकेच्या हातांनीच सुषमानं लेकीला जवळ ओढलं. दोघी कितीतरी वेळ रडल्या, आणि दाराबाहेर मीही रडलो. पुढल्या वर्षी मुक्ता शाळेत परतली. रविवारची वारी मात्र कुंदाताईंकडेच.

गेल्या हिवाळ्यात कुंदाताईंना पोटाचा आजार निघाला. नातेवाईक म्हणाले, मुलांना सांगू नका. त्यांनी सगळ्यांना अंगणात बसवून सांगितलं की मी बरी होणार नाही, काय विचारायचं ते विचारा. भीती वाटते का, असं एकीनं विचारलं. "वाटते ना," त्या म्हणाल्या. मग पुढचा प्रश्न घेतला.

उन्हाळ्यात एका सकाळी त्या गेल्या. गल्लीतल्या बायकांनी पिहूपुरतं ठरवून टाकलं. ती अंगणातल्या मुलांत सगळ्यांत लहान, कुंदाताईंची फार लाडकी. तिला म्हणायचं, आजी गावाला गेल्या. मुक्ता आता दहावीत आहे. तिनं ते ऐकलं आणि ती तडक पिहूच्या घरी गेली. मागोमाग मी गेलो. पायरीवर पिहूच्या शेजारी बसून ती सांगत होती, "कुंदाताई आज सकाळी वारल्या. आता त्या येणार नाहीत."

"काल तर बोलल्या माझ्याशी," पिहू म्हणाली.

"हो. काल होत्या."

पिहू रडू लागली. मुक्तानं तिला उगी उगी केलं नाही, तिचा हात तेवढा धरला. तिकडे कुंदाताईंच्या अंगणात सगळे जमले होते. मी हळूच म्हणालो, चल, त्यांना उचलायची वेळ झाली. तिनं नाही म्हणून मान हलवली.

"तू हो समोर, मामा. हिचं विचारून झालं का आम्ही दोघी येतो."