सुईच्या टोकावरचं तेल

माणिकच्या दुकानाचं शटर रोज सकाळी माझ्या आधी वर जायचं. त्या मंगळवारी मी आलो, कुलूप काढलं, मशीनला तेल दिलं, दोन ब्लाउज कापून झाले, तरी शेजारी सगळं गपगार. म्हटलं, गेला असेल निर्मल गावाला लाकूड आणायला. साडेदहाला त्याच्या बायकोचा, सुमनवहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे उठूनच नाही राह्यले…" एवढंच म्हणाल्या. आणि मी मूर्खासारखा हातातली कात्री ठेवावी की घेऊनच निघावं, याचा विचार करत उभा. आज दीड महिना होतोय.

आदिलाबादच्या आमच्या गल्लीत माणिक म्हणजे मोटर वाइंडिंगवाला. मिक्सर, कूलर, विहिरीवरचे पंप, जे जळेल ते त्याच्याकडे. मी टेलर. दोघांच्या मध्ये चार इंची भिंत, बावीस वर्षं. पण त्याचा जीव अडकलेला असायचा तो हातभर लांबीच्या विमानांत. निर्मलची खेळणी ज्या हलक्या पोनिकीच्या लाकडाची करतात, ते आणून तो पंख तासायचा आणि त्यावर माझ्याकडचं अस्तराचं कापड ताणून चिकटवायचा. रविवारी सकाळी कुणाच्या तरी मोकळ्या रानात आम्ही विमान उडवायला जायचो. रिमोट त्याच्या हातात, मी आपला पडलेलं विमान धावत जाऊन उचलून आणणारा. लोक हसायचे, हसोत.

त्याच्या मोटरी जुन्या पद्धतीच्या, ब्रशवाल्या. आत कार्बनचे दोन तुकडे, शेंगदाण्याच्या पाकळीएवढे. ते फिरत्या तांब्याच्या गोलाला चिकटून राहतात, त्याला वीज पोचवतात आणि पोचवता पोचवता झिजतात. नवी मोटर तो लगेच विमानात घालायचा नाही. पंखा न लावता एका सेलवर दोन-दोन तास हळू फिरू द्यायचा. भिंतीपलीकडून बारीक घुर्र ऐकू आलं की मी ओरडायचो, "काय चाललंय रे?"

"ब्रश बसवून राह्यलो. त्याईचं तोंड गोलाईले बसू दे. घाई केली तं ठिणग्या पडतेत, आन् मंग दोन महिन्यात खल्लास."

विमान उतरलं की मोटर तळहातावर धरून बघायचा. चटका बसला तर त्या दिवशी पुन्हा उडवणं नाही, कितीही विनवण्या करा. आता बिनब्रशच्या मोटरी आल्यात, त्या झिजत नाहीत, घे की एक, असं मी कितीदा म्हटलं. "तिच्यात मले करायला काय हाये मंग?" हे त्याचं ठरलेलं उत्तर. संपलेल्या मोटरी मात्र फेकायचा नाही. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचा. प्रत्येकीला माझ्या दुकानातली एक कातरण बांधायची आणि तिच्यावर पेनानं कारण लिहायचं. 'ब्रश संपले.' 'तापून लोहचुंबक गेलं.'

संक्रांतीनंतरची गोष्ट. शनिवारी त्याच्या दुकानात भिंतींना चुना मारणं चाललं होतं, म्हणून विमान माझ्याकडे ठेवलं. मी सहज पंखा बोटानं फिरवून पाहिला, तर कुरकुर. आता टेलरचा हात तो! पहिली शिलाई मारायच्या आधी मशीनला पोटभर तेल पाजायचं, हा आमच्या घरचा वडिलांपासूनचा रिवाज. कुपी उचलली आणि मोटरीच्या दोन्ही टोकांना चार-चार थेंब सोडले. कुरकुर बंद. मला काय आनंद झाला! त्याला सांगायचं तेवढं राहिलं.

रविवारी विमान बाभळीच्या वर गेलं, वळलं, आणि आवाज एकदम घोगरा झाला. थोडा धूर… आणि सरळ तुरीत. एक पंख मोडला. माणिकनं तिथंच मांडी घालून मोटर उघडली आणि बराच वेळ आत बघत राहिला. मला कालचे ते थेंब आठवले.

"काय झालं रे?"

"काही नाही. ब्रश संपले. आयुष्य झालं तिचं."

खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं.

त्यानं नवी मोटर मागवली, तिचे ब्रश बसवले, पंख सांधला. पण होळीपर्यंत त्याला दोन पायऱ्यांत धाप लागायला लागली. हृदय मोठं झालंय म्हणाले डॉक्टर. रानात जाणं बंद. तयार विमान खिळ्याला टांगलेलंच राहिलं. म्हणजे त्या रविवारचं उडणं हेच त्याचं शेवटचं, आणि ते विमान मी माझ्या हातानं पाडलं.

त्या दिवसांत एकदा तो माझ्याकडे आला आणि एक सुई मागितली. तेलाच्या कुपीत टोक बुडवून मला दाखवलं. "मोटरीले तेल द्याचं ना, तं असं. टोकावर येईन तेवढंच. जास्त झालं का ब्रशवर जाते, काजळीचा चिखल होते." मी म्हटलं, "हो का." बस, हो का! तो क्षणभर थांबला होता… मग चहा सांगितला. तेव्हा बोलायला काय झालं होतं मला?

मागच्या आठवड्यात वहिनींनी दुकान आवरायला बोलावलं. तो पत्र्याचा डबा निघाला. त्या रविवारची मोटर मी लगेच ओळखली, तिची निळ्या चौकड्यांची कातरण मीच त्याला दिली होती. वर त्याच्या अक्षरात, 'ब्रश संपले.' उघडली. ब्रश जवळजवळ नवे, आणि सगळीकडे काळा, तेलकट चिखल. त्या डब्यात कोण डोकावणार होतं? तरी तिथंही त्यानं मला झाकून घेतलं. मला रडू आवरलं नाही.

"वहिनी, ही मोटर मी मारली."

"मालूम हाये मले," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी सांगतलं होतं त्याईनं. म्हणे, त्याले बोलू नको. नाही तं पुन्हा विमानाले हात नाही लावणार तो."

मी कातरण उलटी केली. मागं लिहिलं, 'तेल जास्त झालं. माझ्या हातून.' आणि तशीच बांधून मोटर डब्यात ठेवली.

विमान आता माझ्या दुकानात, मशीनच्या वर टांगलेलं आहे. रोज सकाळी मशीनला तेल दिलं की त्याचा पंखा बोटानं एकदा फिरवतो आणि कान देतो. हात लावतोय रे मी, माणिक. कुरकुर अजून आलेली नाही. येईल तेव्हासाठी सुई शेजारी, भिंतीवरच्या कॅलेंडरात टोचून ठेवली आहे.