कुमुदआत्याने राखलेला पत्ता

बाबांचा फोन आला तेव्हा मी धारच्या बसस्टँडवर इंदूरच्या गाडीची वाट पाहत होते. "कुमुदआत्या गेली," एवढंच ते म्हणाले. मी इंदूरमार्गे देवासला तिलाच भेटायला निघाले होते. गाडीत रडून झालं, आणि रडण्याच्या पाठोपाठ एक काळजी आली ती पुढे बरेच दिवस हटली नाही: आता मंडळाच्या पत्त्याचं काय होणार?

पत्ता म्हणजे इंटरनेटवरचा. देवासच्या आमच्या मराठी मंडळाची एक वेबसाइट आहे. तिच्यावर माळव्यातल्या म्हाताऱ्या माणसांचे आवाज आहेत: पाळणे, मंगळागौरीची गाणी, संस्थानी पंगतींच्या गोष्टी, आता फारसं कोणी बोलत नाही असं मराठी. कॉलेजात कॉम्प्युटर शिकवून निवृत्त झालेली आत्या गावोगाव फिरून हे आवाज जमवायची. इथे हिंदीत शिकलेल्या माझ्या वयाच्या मुलांना मराठी वाचताना अडखळायला होतं, पण ऐकलेलं कळतं. म्हणून हा ठेवा आम्हाला पुस्तकाहून जवळचा. आणि त्याचा पत्ता एकदा आमच्या हातून गेला होता.

तो गेला तो आमच्या चांगुलपणानेच. मंडळात सगळं ज्येष्ठांच्या नावाने चालतं. पत्रिकेत पहिलं नाव त्यांचं, फोटोत मधली खुर्ची त्यांची, पंगतीत पहिलं पान त्यांचं. वेबसाइटचा पत्ता नोंदवायची वेळ आली तेव्हा तोही मोठ्या आदराने अण्णासाहेबांच्या नावावर घातला गेला. अण्णासाहेब मंडळातले सर्वांत वयोवृद्ध. नातवाने काढून दिलेला ईमेल त्यांनी कधी उघडला नाही. ते वारले. पत्त्याची मुदत दर वर्षी पैसे भरून वाढवावी लागते; ती संपत आल्याच्या सूचना त्या बंद ईमेलवर येत राहिल्या, आणि एका सकाळी मंगळागौरीच्या जागी जुगाराच्या जाहिराती नाचू लागल्या.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बाबांच्या छापखान्यात फीवाढीची, मजुरीची, पाणीटंचाईची पत्रकं सुकत पडलेली असायची आणि मी अक्षरं शिकले ती त्यांच्यावर. 'पत्तेचोरांनो, जबाब द्या' असं पत्रक लिहूनच मी देवास गाठलं.

"आली पत्रकवाली!" आत्या दारातच म्हणाली. "चोर कोण म्हणे?"

"ज्याने घेतला तो."

"मुदत संपली, त्याने मागितला, त्याला मिळाला. नियमात बसतं."

"मग नियमच चोर आहेत! पत्रक काढायला कोणाची परवानगी लागत नाही. हे नियम करणारे कोण? त्यांना निवडलं कोणी?"

"हो गं... कोण असतील?" ती म्हणाली आणि तिचे डोळे चमकले. जिथे मी भडकायचे तिथे तिला कुतूहल वाटायचं. मला याचा फार राग यायचा.

काही दिवसांनी आम्ही मांडूच्या एका म्हाताऱ्या कुलकर्णी मास्तरांचा आवाज घ्यायला गेलो. त्यांचं घर ठाऊक नव्हतं. आत्याने धारच्या बसस्टँडवरच विचारायला सुरुवात केली. "भिया, मांडू में कुलकर्णी मास्साब कहाँ रहते हैं?" कंडक्टर हसला. "हमको क्या मालूम? गाड़ी वो खड़ी, मांडू के चौक पे पूछ लेना." चौकातला चहावाला म्हणाला, "तालाब तरफ जाओ." तलावाकाठच्या बाईने थेट दारच दाखवलं.

"वेबसाइट उघडताना तुझा फोनसुद्धा तिचा पत्ता असाच विचारत जातो," आत्या म्हणाली. "सगळ्यांत वरच्याला घर ठाऊक नसतं. पुढे कोणाला विचारायचं, एवढंच त्याला ठाऊक असतं."

"आता पत्ते टाइप कोण करतं, आत्या? लोक फोनशी बोलतात, तो उत्तर देतो. थोड्या वर्षांनी हे पत्ते लागणारच नाहीत."

"आणि फोन कोणाला विचारणार?" ती थांबली. "चहावाला म्हणाला असता, मास्साब नावाचं इथे कोणी राहतच नाही, तर? आपण परत फिरलो असतो की नाही?"

मी पुढे होऊन मास्तरांचं दार वाजवलं.

मग ती जगभरच्या पत्त्यांचे नियम ठरवणाऱ्यांच्या ऑनलाइन बैठकांना बसू लागली. तिथे कोणालाही बोलता येतं, याचं तिला अप्रूप. "तू आलीस कधी? आधी ये, मग भांड." मी म्हटलं, "दार उघडं असणं वेगळं आणि आत येता येणं वेगळं. सगळं इंग्रजीत, शब्दही वकिली. आमच्या धारचं कोण बोलणार तिथे?" पुढच्या बैठकीत तिने माझं हे वाक्य जसंच्या तसं मांडलं. त्यासोबत आपला प्रश्नही: आमच्याकडे मानाने सगळं वडीलधाऱ्यांच्या नावावर असतं, ते गेल्यावर सूचना कोणाला पोचते? अध्यक्षांनी प्रश्नाची नोंद घेतली, एवढंच. पण दूरच्या एका बेटावरची बाई म्हणाली, आमच्या गावाचा पत्ता मुखियाच्या नावावर होता, तो असाच गेला. आत्याने मला लगेच फोन केला. "अगं, तिकडेही अण्णासाहेब आहेत!"

जुना पत्ता परत मिळाला नाही. नवा घेताना मंडळात वाद झाला. तो आत्याच्या नावावर असावा असं सगळे म्हणाले, मीसुद्धा. श्रम तिचे होते. ती ऐकेना. "मान एकाला द्या, पासवर्ड तिघांना द्या," असं म्हणून तिने विषय संपवला. पुढे नेमकं काय ठरलं हे मी कधी विचारलं नव्हतं.

म्हणून तेराव्यानंतर मी मंडळाच्या चिटणीस वृंदाताईंना गाठलं. "पत्ता आत्याच्या नावावर असेल तर आत्ताच हालचाल करायला हवी. गुढीपाडवा झाला की लगेच मुदत संपते."

"तिच्या नावावर काहीच नाही गं," वृंदाताई म्हणाल्या. "पत्ता मंडळाचा आहे. सूचना तिघांना येतात. तिघांत ती होती, पण आजारपणात तिने स्वतःला काढलं आणि तुला घातलं. तुला सांगणार होती..."

त्या नोंदीत आत्या कुठेच नव्हती. ज्यांना मी चोर म्हणत होते त्या नियमांच्या आत तिने मला नेऊन बसवलं होतं, आणि भांडायची मुभा काढून घेतली नव्हती. पाडव्याच्या आधी पहिली सूचना माझ्या फोनवर आली.

मुदत वाढवायचं काम आत्या दर पाडव्याला मंडळाच्या हॉलमध्ये, गुढीच्या पूजेनंतर सगळ्यांसमोर करायची. यंदा लॅपटॉप माझ्यापुढे होता. काम क्षणात झालं. पण कोणी उठेना, श्रीखंडाकडेही वळेना. ते कशासाठी थांबलेत, ते मला उशिरा कळलं. दर वर्षी मुदत वाढली की आत्या सगळ्यांना आपापल्या फोनवर पत्ता टाइप करायला लावायची आणि हॉलभर फिरून विचारायची.

मी उठले. "उघडलं का?" माझा आवाज जरा चढाच लागला.

"उघडलं," मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं. मग दुसरं, तिसरं... आणि वेबसाइटच्या पहिल्याच पानावरचे कुलकर्णी मास्तर सगळ्यांच्या हातांतल्या फोनमधून, थोडे पुढे-मागे, बोलू लागले.