वैशाखातली ओल

त्या दिवशी मारुतीच्या ओट्यावर कोन कोन होतं ते पहिले सांगतो. मोहल्ला कमिटीचे अध्यक्ष गोविंदसेठ होते. आमाले सूत तेच देत. कमिटीचं लिहनारे वामन मास्तर होते. आमच्या कोष्ट्यायचा पंच डोमाजी होता. माझा घरवाला होता. सासू खांबाच्या आड होती. गल्लीतले आनखी दहाबारा मानसं सतरंजीवर बसून होते. आन मी होती, ओट्याच्या खाली उभी. बाया वर बसत नसत.

मी म्हनलं, मले बोलाचं आहे. डोमाजी म्हनला, बोल वं, लवकर आटप. मी सांगतलं का विहिरीचं पानी पाहा, माझ्या मागाच्या खड्ड्यात घान वास येऊन राहिला.

सेठनं रुमाल नाकाले लावला.

"वास खड्ड्याचा नसन वं बाई. खड्ड्यात बसनारीचा असन. दोन दिवस अंग घासून आंघोळ कर, मग येजो."

सगळे हासले. डोमाजी मांडीवर थाप मारून हासला. माझा घरवालाही हासला. मी त्याचे दात पाह्यले. मास्तरनं लिहाले टाक उचलला होता. सेठ म्हनला, हे लिहाची गोष्ट नाई. मास्तरनं टाक ठेवून देल्ला.

मी घरी आली. माझी पोट्टी कौसा दारात सुताच्या कांड्या भरून राहिली होती. सहा वर्षाची. मी तिच्याशी बोलली नाई. सरळ मोरीत गेली आन अंग घासलं. दोनदा घासलं. त्याच विहिरीच्या पान्यानं.

ज्यायले कोष्ट्याचा माग माहीत नाई त्यायच्यासाठी सांगतो. आमचा माग जमिनीवर राह्यते आन विननाऱ्याचे पाय खड्ड्यात. दिवसभर कमरेपर्यंत जमिनीतच बसाचं. वैशाखात नागपूरची हवा अशी कोरडी का हात लावला का धागा तुटते. मग आमी खड्ड्यात पानी शिंपडतो, ओले पोते टांगतो. तरी तुटते.

त्या साली तुटला नाई. खड्डा आपोआप ओला. बाहेर आग, आन माझे पाय गार. लुगडं भराभर पुढं सरके. शेजारची यशोदा म्हने, माझ्याही खड्ड्यात ओल आहे वं, यंदा देव पावला. मी तिले म्हनलं, कोनाले सांगू नको, नजर लागन. आमी दोघी हासलो. पंधरा दिवस मी विचारलं नाई का वैशाखात ही ओल येऊन राहिली कुठून. गल्लीत कोनीच विचारलं नाई. धागा तुटत नव्हता न.

मग वास आला. तवा मी बाहेर निघाली आन पाह्यलं. माझ्या घराच्या मांगं भिंत. भिंतीपलीकडं सेठचं आंगन. तिथं त्यायनं होळीच्या सुमाराले पक्का संडास बांधला होता, खाली खोल खड्डा घेऊन. आमच्या मोहल्ल्यात पहिला. मोहल्ला सुधरला म्हनून कमिटीनं सेठले हार घातला होता. मी टाळ्या वाजवल्या होत्या. आता पाह्यलं तं सेठचा खड्डा एकीकडं, विहीर दुसरीकडं, आन मधात आमचे माग. जमिनीतून जे सरकत होतं ते माझ्या पायाखालून जाऊन राहिलं होतं.

तेच सांगाले मी ओट्याखाली उभी राहिली होती. अर्ध्यातच हासले.

सभेले आठ दिवस नाई झाले आन गल्लीत ओकारी-हगवन सुरू झाली. पहिले यशोदाचा सासरा गेला. मग कोपऱ्यावरच्या घरचं तान्हं. मग कौसा. सकाळी कांड्या भरल्या तिनं. दुपारी डोळे आत गेले. पानी मांगे. मी पाजलं. जेवढं मांगलं तेवढं पाजलं. दिवस बुडाच्या आत गेली.

सेठच्या घरी नळ होता. त्यायच्या घरचं कोनी बिमार पडलं नाई.

कौसा गेल्याच्या पाचव्या दिवशी सकाळी कमिटीवाले माझ्या घरी आले. सेठ दारातच उभे राहिले. मास्तर आन डोमाजी आत आले. दुसऱ्या दिवशी सरकारी डाक्टर येनार होता, त्याले कमिटीचा कागद द्याचा होता. त्याच्यावर माझा अंगठा पाह्यजे होता. कमिटीले कवापासून माझा अंगठा लागाले लागला, असं मनात आलं.

मी म्हनलं, वाचून दाखवा.

मास्तरनं वाचलं. मोहल्ल्यावर संकट आलं आहे, सरकारनं दवापानी करावं, असं काही. चांगलं होतं. घरवाला म्हनला, दे अंगठा. मास्तरनं कागद माझ्यापुढं धरला.

मी दुसरीपर्यंत शिकली आहे. जास्त वाचता येत नव्हतं. पन माझं माहेर कुही, आन कुहीच्या शाळेच्या पाटीवर गावाचं नाव मी रोज पाह्यलं होतं. तो शब्द मले हजारात वळखू येते. कागदाच्या मधात तो बसून होता.

"मास्तर, हे कुही तुमी कुठं वाचलं?"

मास्तर सेठकडं पाहाले लागला. सेठ म्हनला, वाच आता, तिले वाचता येते तं. मास्तरनं वाचलं. कुहीवरून आलेल्या माझ्या मायनं ही बिमारी मोहल्ल्यात आनली, असं मी स्वतः सांगत आहे. विहिरीचं पानी चांगलं आहे.

सेठ शांतपने म्हनला, "तुझी माय आली होती का नाई? मग खोटं काय लिहलं?"

आली होती. तांदळाचं गाठोडं घेऊन आली होती. चार दिवस राह्यली आन धडधाकट परत गेली.

डोमाजी म्हनला, काहून हट्ट करतं वं, कमिटीच्या इज्जतीचा सवाल आहे. सेठ म्हनला, मले जबरदस्ती कराची नाई, सूत घेनारे दुसरे लय आहेत. सासू म्हनली, दे वं बाई, घरच्यायच्या पोटाकडं पाह्य. घरवाल्यानं माझा हात धरला आन शाईच्या गादीवर दाबला. अंगठा निळा झाला. तो कागदाकडं नेऊन राहिला होता तवा मी मूठ आवळली. त्यानं उघडाचा जोर केला. उघडली नाई.

मी म्हनलं, "सेठजी, पोट्टी माझ्या चुकीनं मेली. ओल पाहून मी खूश झाली, पंधरा दिवस गप राह्यली. हे लिहा, मी अंगठा देतो. मायचं नाव घातलं तं देत नाई. आन तुमचा खड्डा लिहल्याबगर तं नाईच."

सेठ माझ्या घरवाल्याले म्हनला, पोट्टी गेली, हिचं डोकं फिरलं, सांभाळ इले. आन कागद घडी करून गेले.

डाक्टर आला. पहिले सेठच्या घरी त्याचा चहा झाला. मी रस्त्यात आडवी झाली, म्हनलं, साहेब, माझ्या घरी येऊन मागाचा खड्डा पाहा. त्यानं वाकून पाह्यलं. वास घेतला. माझ्याकडं पाह्यलं. विहिरीत लाल दवा टाकली आन गेला. दोन दिवसानं लाली उतरली. सेठ म्हनला, पानी साफ झालं.

आमचं सूत बंद झालं. घरवाला दुसऱ्याच्या मागावर मजुरीनं जाऊ लागला. माझ्यासंगं बोलनं सोडलं. तो आमचा खड्डा बुजवाले निघाला, मी आत उतरून बसली. बुजवू देल्ला नाई. रोज सकाळी विहिरीवर जाऊन उभी राहो. जी बाई बादली घेऊन येई तिले सांगो, या पान्यानं कौसा गेली, माझ्या घरी ये आन खड्ड्यात उतरून पाह्य. शिव्या भेटल्या. डाकीन म्हनलं. पोट्ट्यायले माझ्या दारापुढून जाऊ देत नसत.

यशोदा उतरली. वर आली तं तोंडाले पदर होता. बादली उचलून सडकेपलीकडच्या विहिरीवर गेली. मग आनखी दोघी गेल्या. बाकीच्या तिथंच भरत राह्यल्या.

पुढच्या वैशाखात खड्डा पुन्हा ओला झाला.

आता मी कोनाले सांगाले गेली नाई. आमी चौघी विहिरीच्या तोंडावर पाय आत सोडून बसलो. म्हनलं, बादली टाकाची असन तं आमच्या अंगावरून टाका. डोमाजी आला. सेठ आला, पोलिसाचं नाव घेतलं. घरवाला आला, तो हात धरून ओढाले लागला. मी त्याले म्हनलं, ओढ, मी आत पडली तं पानी बंदच होईन. त्यानं हात सोडला.

किती दिवस बसलो ते सांगत नाई. आमी उठाच्या आत गल्लीतली आनखी दोन लेकरं गेली. विहिरीवर झाकन पडलं ते त्याच्यानंतर. तवापासून मी कोन्याच कागदावर अंगठा देल्ला नाई. सही शिकली. तीही मले पटलं तरच करतो. मरेपर्यंत असंच.

हे वाचनाऱ्याले एकच मांगनं आहे. तुमच्या मोहल्ल्यात कोनाच्या घरी मयत झाली तं कारन सांगाले जाऊ नका. त्या घरच्या बाईजवळ बसा, तिले विचारा, आन ती सांगन तसंच लिहून घ्या.