साठ ते सत्तर आणि एक शब्द

आमच्या गल्लीत त्यांना सगळे 'तिकडचे' म्हणतात. तिकडचे म्हणजे नेमके कुठले, असं विचारलंत तर निम्म्या लोकांना सांगता येणार नाही आणि उरलेले निम्मे छातीठोकपणे चुकीचा देश सांगतील. ते कवळ्या बनवतात. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर माप घेऊन खाली पाठवतात आणि खाली हे प्लास्टरच्या साच्यावर गुलाबी मेण चढवून एकेक दात बसवत असतात. मी काउंटरवर असते. सत्तावीस वर्षं झाली. मी त्यांना मालक म्हणते आणि ते मला ताई म्हणतात, वयाने माझ्याहून मोठे असूनही.

कवळी तयार झाली की गिऱ्हाईक खाली येतं. मालक आधी त्याला निळा कागद चावायला देतात. जिथे डाग जास्त उमटतो तिथे घासतात. मग त्याला साठपासून सत्तरपर्यंत मोजायला लावतात. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. कवळी सैल असली की प्रत्येक आकड्याबरोबर शिट्टी निघते. मालक डोळे मिटून ऐकतात, मान हलवतात, कवळी काढून पुन्हा घासतात. शिट्टी थांबेपर्यंत गिऱ्हाइकाची सुटका नाही.

आता यातली गंमत बघा. मालकांना 'ळ' म्हणता येत नाही. चौतीस वर्षं कवळ्या बनवणारा हा माणूस आजही 'कवली' म्हणतो. पोरंसोरं सोडाच, पिकल्या केसांची माणसंसुद्धा दुकानावरून जाताना 'काय कवलीवाले!' करून खिदळतात. आणि तीच माणसं दात पडले की मुकाट्याने येऊन त्यांच्यासमोर आ वासतात आणि स्वतःच्या भाषेतले स्वतःचे आकडे त्यांच्याकडून तपासून घेतात.

तिकडच्या लोकांविषयी आमच्या लोकांचं ज्ञान अगाध आहे. मालक वेळेआधी आले तर तिकडच्यांना दम निघत नाही. दहा मिनिटं उशीर झाला तर तिकडे घड्याळं नसतातच मुळी. गप्प बसले तर आतल्या गाठीचे, बोलले तर तोंडाळ. शेजारच्या एका लग्नात तर त्यांना हाताला धरून मधोमध नाचायला उभं केलं, कारण तिकडचे लोक म्हणे जन्मजात नाचतात. मालकांचे तळवे सपाट, गुडघे दुखरे. बिचारे फरशी पुसल्यासारखे पाय सरकवत राहिले. लोक टाळ्या पिटत म्हणाले, "बघा, रक्तातच असतं हे!" त्या रात्रीनंतर चार दिवस ते जिना चढताना कठडा धरत होते.

बरं, तिकडे तरी काय! मालकांचा धाकटा भाऊ दर रविवारी फोन करतो. ते त्यांच्या भाषेत बोलतात, मला काही कळत नाही. एकदा फोन ठेवल्यावर मालक बराच वेळ हातातला साचा फिरवत बसले. मी विचारलं, काय म्हणत होता भाऊ?

"म्हणाला, तुम्ही तिकडचे लोक फार हलू बोलता."

"तिकडचे म्हणजे?"

"म्हणजे इथले." ते हसले. "गेल्या खेपेला गेलो तर भावजयीने मला पाहुण्यांचा टॉवेल दिला. घरातले सगले टॉवेल आत दोरीवर होते. मी बघितले ना."

गेल्या वर्षी सरकारने नियम काढला. कवळ्यांच्या कारखान्याचा परवाना यापुढे फक्त नागरिकांनाच. मालक इतकी वर्षं राहण्याच्या परवानगीवर काढत होते, ती वेळच्या वेळी वाढवून घेत होते. आता वर्ष संपायच्या आत नागरिक व्हा, नाहीतर दुकान बंद करा. नागरिक व्हायचं तर तोंडी परीक्षा द्यायची. दोनच वेळा बसता येतं. दुकान गेलं असतं तर मला दुसरीकडे काउंटर मिळालं असतं. पण छप्पन्नाव्या वर्षी मालकांनी हातातलं ते बारीक कोरणं खाली ठेवून काय करायचं होतं?

पहिल्या परीक्षेला ते इस्त्रीचा सदरा घालून गेले आणि नापास होऊन आले. इतिहास बरोबर, कायदे बरोबर. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं: 'अर्जदार या देशाला अजूनही आपला मानत नाही.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "असं काय बोललात तुम्ही?"

"काही नाही. त्यांनी विचारलं, या देशात माणसं रांगेत कशी उभी राहतात. मी म्हटलं, आमच्याकडे लोक शिस्तीत उभे राहतात. त्यांनी विचारलं, या देशात शेजारी कसे असतात. मी म्हटलं, आमच्याकडे शेजारी मदत करतात." मालक गोंधळून माझ्याकडे बघत होते. "मी इथलंच सांगितलं, ताई. चांगलं चांगलं सांगितलं. मदतीचं जरा वाढवूनच सांगितलं."

माझ्या लक्षात आलं. आमच्याकडे! समोरच्याला वगळून आमच्याकडे. परीक्षकाने ते ऐकलं आणि त्याला वाटलं, हा गडी तिकडचं कौतुक सांगतोय आणि आपल्याला बाहेर ठेवतोय.

"अहो मालक, 'आपल्याकडे' म्हणायचं! त्यात दोघंही येतात, तुम्हीही आणि तेही."

"हो? मला कुणी सांगितलं नाही."

सांगायला कशाला लागतं, असं माझ्या तोंडावर आलं होतं. भाषा ऐकून ऐकून येते. पण मग मी आठवायला लागले की त्यांनी ऐकलं काय असेल? 'आमच्याकडे असं चालत नाही हो.' 'तुमच्याकडे उन्हाळा कसा असतो?' 'आमच्याकडे बायकांना मान देतात, तुमच्याकडे काय करतात देव जाणे.' वहिनी, म्हणजे मालकांची बायको, इथलीच. पण तीसुद्धा चिडली की 'आमच्या घराण्यात असं कुणी वागत नाही' यावर येते. चौतीस वर्षांत या माणसाला कुणी 'आपल्याकडे' म्हटलेलंच नाही. ऐकलाच नाही तर शब्द जिभेवर येणार कुठून? आणि इतरांचं कशाला, सत्तावीस वर्षं समोर बसून मी तरी काय म्हणत होते? 'तुमच्याकडे भूकंप झाला म्हणे, मालक', हे मीच मागच्या महिन्यात म्हटलं होतं.

मला लाज वाटली. जास्त वाटली, कारण मला हे कळायला हवं होतं. मी लग्न होऊन सासरी आले तेव्हा दहा वर्षं हेच ऐकलं. 'तुमच्याकडे घालत असतील अशा घड्या, आमच्याकडे नाही घालत.' माहेरी जावं तर आई म्हणायची, 'तुमच्याकडे काय, सगळं असतं बाई.' सासूबाई शेवटच्या आजारपणात मला म्हणाल्या, "आपल्याकडे जाड चादर कुठे ठेवलीय गं?" मी चादर आणायला आत गेले आणि कपाटात तोंड घालून रडले.

दुसऱ्या दिवसापासून आमची शिकवणी सुरू झाली. दुपारी दुकान रिकामं असायचं तेव्हा मी विचारायचे, ते उत्तर द्यायचे.

"आपल्याकडे पाऊस कसा पडतो?"

"आमच्या... आपल्याकडे पाऊस पडतो."

"आपल्याकडे लोक कसे आहेत?"

ते थांबले. "खरं सांगायचं की परीक्षेतलं?"

"परीक्षेतलं."

"आपल्याकडे लोक फार प्रेमल आहेत," ते म्हणाले आणि आम्ही दोघंही पोट धरून हसलो.

दुसऱ्या परीक्षेला ओळखीची साक्षीदार म्हणून मला आत बसू दिलं. बसायचं, बोलायचं नाही. परीक्षक तेच होते. साठीचे, कोटाला पेन लावलेले. त्यांनी तोंड उघडल्याबरोबर मला कळलं, वरची कवळी सैल. प्रत्येक 'स' मागे शिट्टी. मालकांनी क्षणभर डोळे मिटले. तीस-पस्तीस वर्षांची सवय, दुसरं काय.

मालकांनी बाजी मारत आणली होती. आपल्याकडे हे, आपल्याकडे ते. मी मनात मोजत होते, दहा झाले. मग परीक्षक कागद बाजूला सारून, खुर्चीत रेलून, अगदी घरगुती आवाजात म्हणाले, "बरं, ते राहू द्या. तुमच्याकडे म्हाताऱ्या माणसांना कसं वागवतात?"

मालक सरळ बसले. "आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांना बसमध्ये जागा देतात. मुलं लांब राहतात, पण फोन करतात."

"नाही नाही. मी तुमच्याकडचं विचारतोय."

"मी तेच सांगतोय, साहेब."

"अहो, तुमच्याकडचं! तुमच्या लोकांचं."

"हो. माझ्याच लोकांचं."

परीक्षकांनी पेन काढलं, पुन्हा लावलं. पण त्यांच्या पुढ्यातल्या गुणांच्या तक्त्यात 'आपलेपणाचे शब्द' या रकान्यात अकरा खुणा झाल्या होत्या आणि पास व्हायला आठ पुरत होत्या. त्यांनी नाइलाजाने सही केली. नागरिकत्व मिळालं, पाठोपाठ परवाना आला. मालकांनी तो चौकटीत घालून साच्यांच्या फळीवर टांगला. खिळा मात्र मलाच ठोकायला लावला.

दोन महिन्यांनी वरून एक माप आलं आणि त्यापाठोपाठ आठवड्याने गिऱ्हाईक. कोटाला पेन. परीक्षकांनी आम्हाला ओळखलं की नाही कोण जाणे, ओळख दाखवली नाही. मालकांनी कवळी बसवली, निळा कागद दिला, घासलं. साठ ते सत्तर मोजून घेतलं. एकही शिट्टी नाही. परीक्षकांनी आरशात बघितलं आणि एकदम खुलले. पण बोलले माझ्याशी, मालकांच्या डोक्यावरून.

"बाई, कमाल आहे! तिकडच्या लोकांच्या हातात जादूच असते. आमच्याकडे नाही असे कारागीर."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मालकांनी हाताने मला थांबवलं.

"साहेब, एक शब्द राहिला तपासायचा. म्हणा, आपल्याकडे."

"आपल्याकडे."

मालकांनी डोळे मिटून मान हलवली. "पुन्हा."

"आपल्याकडे."

"पुन्हा."

मी मोजत होते. अकरा वेळा म्हणवून घेतलं. शेवटी परीक्षकांनी गालावर हात ठेवून काळजीने विचारलं, "का हो, कवळीत काही खोट राहिलीय का?"

"नाही, नाही. कवली छान बसलीय," मालक हात धूत म्हणाले. "शब्दाची सवय नाही तुम्हाला. रोज सकाळी घरी म्हणत जा."