बहिणीशी तह

देवीची लस टोचायला मंगळवार पेठेतून निघालेले डॉक्टर माधव जिनिव्हाच्या जागतिक आरोग्य संघटनेपर्यंत पोचले. आफ्रिकेत दोन फौजा एकमेकींच्या उरावर बसल्या असताना त्यांनी दोन्ही सेनापतींना चार दिवस बंदुका खाली ठेवायला लावल्या आणि तेवढ्यात पोराबाळांना लस टोचून घेतली. समोरच्याच्या मानाला हात लावायचा नाही, एकच लहानशी गोष्ट मागायची, ही त्यांची रीत.

त्याच दिवसांत इकडे आई गेली. तार मिळाली, पण ते निघते तर तह मोडता. ते आले नाहीत. अग्नी चुलतभाऊ नृसिंहाने दिला. बाकीचं धाकट्या बहिणीने, लीलाने, एकटीने निस्तरलं.

१९८४ साली डॉक्टर निवृत्त होऊन परतले. बायको आधीच वारलेली, मूलबाळ नाही. आईच्या घरात आता लीलाच राहायची; 'घरीच राहा' असं ती म्हणाली नाही, म्हणून पेठेतच दोन खोल्या भाड्याने घेतल्या. रोज संध्याकाळी तिच्याकडे जाऊन बसायचे. ती चहा द्यायची, तब्येत विचारायची. भांडली मात्र कधीच नाही, आणि डॉक्टरांना धास्ती होती ती याचीच. शिव्या देणाऱ्याशी तह करता येतो, हसून चहा देणाऱ्याशी काय कपाळ करणार?

शेजारचे हंबीरराव एकदा म्हणालेच, "जगाची भांडणं मिटवलासा म्हणं, आनि भनीम्होरं जीभ उचलंना व्हय? मागून टाका की काय ते!"

डॉक्टरांनी मागितलं. "लीला, यंदा आईचं श्राद्ध मी करतो."

"ये ना दादा, सकाळीच ये," ती म्हणाली. कागदातला शब्द न् शब्द पारखणारा हा माणूस, पण त्याने तोच होकार धरला.

श्राद्ध करणाऱ्याने भटजी जेवेपर्यंत उपाशी राहायचं असतं. डॉक्टर आंघोळ करून, नवं धोतर नेसून, उपाशीपोटी गेले. पाटावर नृसिंह बसला होता. भटजींचे मंत्र सुरूही झाले होते.

लीला स्वयंपाकघरातून बाहेर आली. "दादा, इतकी वर्षं तोच करतोय. त्याला ऊठ कसं म्हणू? तुझं पान पाहुण्यांत मांडलंय."

आईचा मुलगा मी आहे, असं ओरडावंसं वाटलं त्यांना. पण भांडायलाही घरातलं असावं लागतं. भटजी जेवून उठल्यावर ते पंगतीत जाऊन बसले.

लीला खीर घेऊन आली. जन्मल्या घरात त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी म्हणत होतं, "अजून घे दादा, संकोच करू नकोस."