कानामागची चाई

पार्लरवालीने अकराची वेळ दिली होती आणि साडेबाराला ती शटर वर करत म्हणाली, "सॉरी हां काकू, गॅसवाला आला होता." मागच्या खेपेला तिच्या सासूला ताप होता, त्याच्या आधीच्या खेपेला ट्रॅफिक. टेमघरात ती पार्लरच्या वरच्याच मजल्यावर राहते. जिन्यात कसलं आलंय ट्रॅफिक? पण मी गप्प बसले. गप्प बसणं हा माझा स्वभाव नाही, आमच्या घरात कुणालाही विचारा. तरी बसले, कारण गरज माझी होती.

रविवारी माझ्या मुलीचा साखरपुडा होता आणि तिच्या उजव्या कानामागे चाई पडली होती. चांगली रुपयाएवढी. तिथले केस मुळापासून गेलेले, कातडी गुळगुळीत. कल्याणच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की घाबरण्यासारखं काही नाही, औषध लावा, सहा-आठ महिन्यांत केस परत येतील. मुलगी पूर्ण्याला एका गोडाऊनच्या ऑफिसात कामाला होती, तिथल्या धावपळीने हे झालं असेल असंही ते म्हणाले. म्हणाले ते खरंच होतं, पण कोन गावच्या लोकांना ते कोण समजावणार? स्थळ कोनचं होतं. मुलगा शिकलेला, निर्व्यसनी, आणि मुख्य म्हणजे माझ्या मुलीला मनापासून आवडलेला. त्याचा फोन आला की ती गॅलरीत जायची आणि अर्धा तास परत यायची नाही. आता चाई म्हटलं की लोक ऐकतात एक आणि सांगतात भलतंच. पोरीला टक्कल पडतंय, अंगात रोग आहे, उद्या पोराबाळांना होईल. मुलगी म्हणत होती, "आई, आपणच सांगून टाकूया ना." मी म्हटलं, "तुला काय कळतंय? अळीमिळी गुपचिळी. लग्न होईपर्यंत केस येतीलसुद्धा."

म्हणजे जाणणारे आम्ही चौघंच. मी, हे, मुलगी आणि डॉक्टर. मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी, त्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. साखरपुड्याच्या अंबाड्याखाली ती जागा झाकायची तर पाचवी पार्लरवाली. अंबाडा जमतो का ते बुधवारीच घालून बघायचं ठरलं. तिला मी आदल्या दिवशी फोनवर दोनदा बजावलं होतं, दुसरं कुणी नसताना बोलव आणि तोंडातून शब्द काढू नकोस. "टेन्शन नही लेने का काकू," ती म्हणाली, आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

आत गेलो तर एक बाई आधीच आमच्यामागून घुसली आणि डोक्याला मेंदी लावून घ्यायला बसली. मी पार्लरवालीकडे डोळे मोठे करून बघितलं. तिचं लक्षच नाही. एका कानात ते छोटं यंत्र, त्यावर कुणाशी तरी साडीच्या फॉलवरून वाद चाललेला, आणि हात मुलीच्या भुवईवर. दोरा दातात धरून बोलणारी ही जगातली एकमेव बाई असेल. मध्येच मुलीच्या डाव्या हाताला गरम मेण फासलं आणि तशीच टाकून मेंदीवालीकडे गेली. मेण वाळून खडखडीत झालं. मी तोवर फळीवरची बाटली उघडून हुंगत होते. बाटली महागाच्या शाम्पूची, पण मागच्या महिन्यात आतलं पिवळं होतं, ह्या वेळी हिरवं. वासही आमच्या भांड्यांच्या साबणासारखा. विचारलं तर म्हणाली, "नवा स्टॉक आहे." हो का? बाटलीवरचं लेबल अर्धं निघालंय आणि स्टॉक नवा!

आणि मग तिने मुलीची ओढणी बाजूला केली, केस वर उचलले आणि भर पार्लरमध्ये ओरडली, "अय्या! हे तर केवढं मोठं आहे गं!"

मुलीने डोळे मिटून घेतले. मेंदीवाली मान वळवून बघायला लागली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तिच्या हातात मुलीचं डोकं होतं, म्हणून दात-ओठ खाऊन उभी राहिले. मेंदीवालीला मी विचारलं, "तुम्ही कुठल्या हो?" ती म्हणाली, "इथल्याच." इथल्याच म्हणजे कुठल्या? माहेर कुठलं? कोनला कुणी नातेवाईक? ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मीच वेडी. पार्लरवालीने अंबाडा मात्र सुरेख घातला. चाई दिसतच नव्हती. मुलगी आरशात बघून हसली, आणि मला वाटलं, जाऊ दे, झालं आपलं काम.

ही बुधवारची गोष्ट. गुरुवारी दुपारी कोनहून होणाऱ्या विहीणबाईंचा फोन. आधी मंडपाचं, मग मानपानाचं, मग उगाच हवापाण्याचं बोलल्या. ताकाला जाऊन भांडं किती वेळ लपवणार? शेवटी म्हणाल्या, "ताई, राग नको यायला, पन पोरीचा केस मोकले सोडलेला फोटो हाय का? मागून काढलेला? आमच्या नणंदेला बघायचाय."

नणंदेला! कुठल्या नणंदेला नवरीचा पाठमोरा फोटो लागतो? मी "पाठवते" म्हणाले आणि फोन ठेवून तशीच खुर्चीत बसले. कुणीतरी बोललं होतं. डॉक्टर बोलणार नाहीत, ह्यांना कुणाशी बोलायची हौस नाही, मुलगी तर स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणार नाही. राहिली एकच. तिच्या तोंडात तीळ भिजायचा नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

कसं ठाऊक होतं ते सांगायचं मी टाळतेय खरं तर. आमच्याकडे सोयरीक करताना मुलीची चौकशी करतात, तशी ती सगळीकडेच करतात. पूर्वी शेजारणीला विचारायचे, मासळीबाजारात बसणाऱ्या बायकांना विचारायचे. आता शेजारीण दार लावून बसते, मुलगी पावडर-लिपस्टिक लावून चहा घेऊन येते. तिला बिनपावडरीची बघते ती फक्त पार्लरवाली. हातावरचा डाग, पाठीवरचं पुरळ, ओठावरची लव, डोक्यातली विरळ जागा, सगळं तिच्या नजरेखालून जातं. म्हणून मुलाकडच्या बायका मुलगी कुठल्या पार्लरला जाते ते आधी शोधून काढतात आणि तिथे जाऊन फेशिअलला बसतात. फेशिअल होईपर्यंत पोटातलं सगळं बाहेर. बोलून कुणी दाखवत नाही, पण करतात सगळ्या.

मी चप्पल घातली आणि पार्लर गाठलं. आत दोघी बसल्या होत्या. मी कुणाची पर्वा केली नाही. "काय गं, जिभेला हाड आहे की नाही तुझ्या? कोनच्या बाईला काय सांगितलंस?" पार्लरवालीच्या हातात कुणाचे तरी ओले केस होते. ती म्हणाली, "कोण कोनची? काकू, आवाज खाली." मी म्हटलं, "खाली? बुधवारी तू तर आख्ख्या टेमघरला ऐकू जाईल एवढ्याने ओरडलीस. माझ्या पोरीचं लग्न मोडलं तर तुझं शटर मी कायमचं खाली करीन." तेवढ्यात दार ढकलून माझी मुलगी आत आली. ड्युटी सुटल्यावर तिने घरी फोन केला होता, तिच्या बाबांनी सांगितलं होतं की आई तणतणत पार्लरला गेली. ती माझा दंड धरून म्हणाली, "आई, चल घरी."

आता खरं म्हणजे मी निघायला हवं होतं. पण मी म्हटलं, "थांब, हिला आज कबूल करू दे. पोरींचं असलं-नसलं बाहेर सांगायचं, ही काय रीत झाली? लाज वाटायला पाहिजे."

पार्लरवालीने हातातले केस सोडले. आवाज न चढवता, जशी भुवई आकाराला आणावी तशी सावकाश बोलली. "आल्या होत्या त्या. मागच्या शुक्रवारी, फेशिअलला, आणि काल संध्याकाळी परत. विचारलं, मी सांगितलं. तीन वर्षांपूर्वी तुम्ही पण आला होता ना काकू? ह्याच खुर्चीत बसला होता. तुमच्या मुलासाठी पूर्ण्याची मुलगी बघितली होती तेव्हा. ती माझ्याकडेच यायची. तेव्हा मी सांगितलं तर तुम्ही म्हणालात, देव तुझं भलं करो, वाचवलंस गं आम्हाला. तेव्हा नाही लाज वाटली?"

त्या दोघी बायका आरशातून माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं होतं, ती विसरली असेल. शंभर बायका येतात, कोण लक्षात ठेवतंय! मुलीने माझा दंड सोडला.

आम्ही रिक्षा केली. कोपऱ्यावर कंटेनर अडकला होता, वीस मिनिटं तिथेच उभे होतो. मीच बडबडत होते, की तेव्हाची गोष्ट वेगळी, पोटच्या पोरासाठी आई करतेच, सगळ्याच करतात. तिने फक्त एकदा विचारलं, "तेव्हा तू आम्हाला पत्रिका जुळत नाही म्हणाली होतीस ना?" मी रिक्षावाल्याला म्हटलं, "अरे भैया, गल्ली से निकालो ना."

घरी आल्यावर तिने हातपाय धुतले, पाणी प्यायली आणि माझ्यासमोर विहीणबाईंना फोन लावला. "काकी, मी बोलतेय. माझ्या उजव्या कानामागे चाई आहे. रुपयाएवढी. औषध चालू आहे, केस परत येतील असं डॉक्टर म्हणतात, नाही आले तर नाही. पाठमोरा फोटो आत्ता पाठवते. तुम्ही मला विचारलं असतंत तर मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं." तिचा आवाज जराही हलला नाही. माझा हलला असता. पलीकडून एवढंच आलं, "बरं बाय, बगतो, कलवतो." तिने तिच्या बाबांना मागून फोटो काढायला लावला आणि पाठवून दिला. मुलाला तिने तीनदा फोन केला. त्याने तो उचलला नाही.

शुक्रवारी मी देवापुढे दिवा लावून बसले. मी देवाला काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही. मला वाटत होतं, फोटो बघून त्यांना समजेल की एवढंसंच तर आहे. मुलगी ऑफिसला गेली, आली, जेवली. फोन जवळ ठेवून बसली होती, पण गॅलरीत गेली नाही.

शनिवारी सकाळी ह्यांच्या मोबाइलवर मुलाच्या वडिलांचा निरोप आला. ह्यांनी चष्मा लावून तो मोठ्याने वाचला. पत्रिका पुन्हा एकदा गुरुजींना दाखवली, गुण जुळत नाहीत, तुमच्या मुलीला चांगलं घर मिळो. तेव्हाच्या पत्रिकेमागचं ह्यांना काहीच माहीत नव्हतं, ते म्हणाले, "आधी तर सव्वीस गुण जुळले होते, हे काय मध्येच?" आणि माझ्याकडे बघायला लागले. मी कोलंबी सोलत होते. मान वर केलीच नाही.

मी शिव्या द्यायला तोंड उघडलं. कोनवाल्यांना, पार्लरवालीला, त्या फोन न उचलणाऱ्या नेभळटाला, सगळ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची माझी तयारी होती. पण मुलगी माझ्यासमोर जमिनीवर येऊन बसली. तिचे डोळे सुजलेले होते. तिने परातीतली एक कोलंबी उचलली, सोलायला लागली आणि सोलता सोलता म्हणाली, "आई, एक विचारू? त्या पूर्ण्याच्या मुलीला काय होतं गं?"

मी आठवायला लागले. घर आठवलं, दारातली तुळस आठवली, तिच्या आईने दिलेले पोहे आठवले. मुलगी चहा घेऊन आली तेव्हा तिने कुठल्या रंगाची साडी नेसली होती तेही आठवलं. तिच्यात काय खोट होती, कशावरून मी तिला नाकारलं, ते काही केल्या आठवेना.