कप्तानांची बादली

"जिथलं पाणी तिथंच!" असं म्हणून आमचे कप्तान धुतलेली बादली उन्हात पालथी घालायचे आणि नाक असं मुरडायचे, की समोरच्यानं आपल्याच अंगाचा वास घेऊन बघावा.

कप्तान हे गल्लीनं दिलेलं नाव. माणूस मूळचा नेसरीकडचा. उमेदीची वर्षं मालवाहू जहाजावर पंप सांभाळण्यात गेली, आणि निवृत्त झाल्यावर कळंब्याच्या वाटेवर आमच्या शेजारी घर बांधलं. एका पाण्यात बुडवलेली बादली मीठ लावून धुतल्याशिवाय, वाळवल्याशिवाय दुसऱ्या पाण्यात घालायची नाही, हा त्यांचा नेम. मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा वाट्या वाट्या ओरपणाऱ्या माणसाचं हे सोवळं बघून गल्ली हसायची. मीही हसायचो.

एकदा विचारलंच. म्हणाले, "माल उतरला की जहाज हलकं हुतंय, डुलतंय. मग पोटात समुद्राचं पाणी भरून घ्यायचं आणि पार दुसऱ्या देशात, माल चढवताना वतायचं. त्यातनं शिंपलं, किडं, माशांची अंडी, काय काय जातंय! एका बंदरात परक्या शिंपल्यांनी धक्क्याला खरूज लागल्यागत झालतं. तिथलं मासं संपलं की. आणि पंप कोण चालवत हुतं? ह्योच हात." हात त्यांनी लुंगीला पुसले. कोरडेच होते.

आमच्या घरांमागं लहान तळं आहे. तिथं जाळं टाकून चार घरं जगतात. आणि एक मासा तुम्हीही पाहिलाच असेल. काचेच्या टाकीतलं शेवाळ खातो म्हणून लोक हौसेनं आणतात. काळा, पत्र्यासारखा कडक, तोंड खालच्या बाजूला. बघता बघता टाकीत मावेनासा होतो, मग मालकांना भूतदया सुचते. पिशवीत घालून, हळदकुंकू वाहून तळ्यात सोडायला निघतात. मला या दयेची शिसारी येते. आपल्या घरात नको झालेली घाण सगळ्यांच्या पाण्यात टाकायची, आणि वर पुण्य!

कप्तान त्यांना तळ्याच्या पायरीवरच अडवायचे. "ओ पावणं, ती पिशवी हिकडं आणा. ह्यो तळ्यात सुटला तर जाळी फाडंल, दुसरा मासा ऱ्हायाचा न्हाय."

असे मासे घरी नेऊन नेऊन त्यांचा परसातला धुण्याचा हौद भरला. भिंतीला जळवांसारखे चिकटलेले ते काळे धपाटे बघून मला जेवण जायचं नाही. कप्तानांना माझ्याहून जास्त किळस. "शी!" करत ते रोज सकाळी काकडी चिरायचे, कडू आहे का ते आधी स्वतः चाखायचे आणि मग हौदात टाकायचे. "खा, मुडद्यांनो!"

"मारून टाका की," मी म्हणालो.

"ह्यो काय तिकीट काढून आलाय हितं? आणणाऱ्याला बुडवावं."

पावसाळा संपता संपता ते गेले. दवाखान्यात शेवटपर्यंत मुलाला एकच सांगत होते, "माशांकडं बघ." मुलगा पुण्याला नोकरीला, वर्षातून एकदा येणारा. त्याला वाटलं, वडिलांचा जीव माशांत होता.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवला. कावळे भिंतीवर बसलेले, पण एकही शिवेना. मुलानं हात जोडले. घर विकत नाही म्हणाला. भाऊबंदकीत भांडत नाही म्हणाला. कावळे ढिम्म. शेवटी रडकुंडीला येऊन म्हणाला, "पप्पा, तुमचे मासे मरू देणार न्हाय. तळ्यात सोडतो."

मी ओरडायला तोंड उघडलं, तोवर कावळ्याच्या चोचीत भात होता. जन्मात कुठल्या पक्ष्याचा मला इतका तिटकारा आला नव्हता.

"अरे, ते तळ्यात जाऊ नयेत म्हणूनच त्यांनी पाळले होते!" मी सांगत राहिलो. नेसरीहून आलेल्या मुलाच्या चुलत्यांनी मला बाजूला घेतलं. "पावणं, कावळा शिवलाय. आता शब्द मोडायचा न्हाय."

घाटावरून सगळे थेट हौदाकडं आणि तिथून तळ्यावर. कप्तानांच्याच बादलीतून मासे एकेक करून सोडले. पायऱ्यांवरून घसरत ते गाळात शिरले. बायका डोळे पुसत होत्या, पुरुष हात जोडून उभे होते.

मुलानं रिकामी बादली तळ्यातच विसळली आणि गाडीत ठेवायला निघाला. गावाकडच्या विहिरीवर लागेल म्हणाला.

मी ती त्याच्या हातातून हिसकावून घेतली. घरी आणून मीठ लावून घासली आणि कप्तानांच्या दारात उन्हात पालथी घातली.